ओल्या काड्यांचं कुंपण

प्रिय कुसुम,

तुझ्या वर्षश्राद्धाहून काल परतले. हात अजून चिकचिकताहेत. बेशरमीच्या झाडांचा चीक आहे, साबणाने जात नाही. तशाच हातांनी पेन धरलं, कारण तुझ्या गावात ज्यांच्यावर ओरडायचं होतं त्या सगळ्यांवर ओरडून झालं. आता तू उरलीस.

हो, तूच! गेलेल्या माणसाबद्दल चांगलंच बोलायचं असतं, ते काल मंडपात पोटभर ऐकलं. माझ्याकडून ती अपेक्षा ठेवू नकोस.

'कुसुमताई स्मृती उद्यान' अशी पाटी लावली आहे तुझ्या नावाची. निळी, पांढऱ्या अक्षरांची. पाटीमागे उद्यान नाही. बेशरम आहे! माणसाहून उंच, जांभळी फुलं मिरवत. खाली गाजरगवत आणि लव्हाळा. आणि त्या रानाकडे पाठ करून पाहुणे तुझ्या दूरदृष्टीवर बोलत होते. एकानेही मान वळवून मागे पाहिलं नाही.

गेल्या उन्हाळ्यात तलावातला गाळ काढायला मशीन आलं होतं, आठवतं? तू छत्री घेऊन पाळीवर, तलावाच्या बांधावर, बसून असायचीस. पाळीखालच्या मुरमाड पडीत जागेवर तो काळा गाळ पसरायचा आणि ज्या बायांच्या नावावर धुरा-बांधाभरही जमीन नाही त्यांनी तिथे वांगी, पोपटाच्या म्हणजे वालाच्या शेंगा लावायच्या, असं तू सरपंच म्हणून ग्रामसभेत मंजूर करून घेतलंस. मला फोनवर म्हणालीस, "गाळासोबत तलावातलं सगळं तण येतं गं. आधी ते वेचून काढावं लागेल."

वेचायच्या आधीच तू गेलीस. एका दुपारी छातीत कळ, आणि संपलं. गाळाचे ढीग तसेच पडलेले. इतकी कसली घाई होती तुला?

तेरवीला पाहुणे येणार म्हणून तुझ्या दिराने, मनोहरने, ढीग सपाट केले, पाटी रोवली आणि भोवती कुंपण घातलं. कशाचं? तलावाकाठच्या बेशरमीच्या काड्यांचं. बकरी तोंड लावत नाही ना त्याला! तुमच्याकडे परसाला तेच कुंपण असतं, मला ठाऊक आहे. पण या काड्या सकाळी तोडल्या आणि दुपारी रोवल्या. ओल्या, हिरव्या, आणि तेही तलावाच्या गाळात! पाऊस पडला आणि कुंपणाची प्रत्येक काडी झाड झाली.

तू काय करायचीस ते मी डोळ्यांनी पाहिलं आहे. काड्या तोडून गोठ्याच्या टिनावर टाकायचीस. कडकड मोडेपर्यंत वाळवायचीस, मग रोवायचीस. मनोहरला काल विचारलं, "वहिनी काड्या का वाळवायची, माहीत आहे?"

"हलक्या होतात म्हणून, बाई. बायामाणसाले वाहून न्यायले सोप्या."

ऐकलंस? इतकी वर्षं तुझ्या घरात राहून त्याला हे कळलं होतं! आणि दोष एकट्या त्याचा नाही. सगळं स्वतः करायचीस, कारण कुणालाच सांगायची नाहीस. विचारलं तर हसायचीस. काय मिळालं हसून?

मनोहर वाईट नाही. तुझ्यावर जीव होता त्याचा, म्हणून तर जास्त राग येतो. म्हणाला, "तुमी काऊन चिडून राह्यल्या, बाई? हिरवंगार तर दिसून राह्यलं!"

"डोळे आहेत की भोकं?"

"बरं, मंग फवारा मारून टाकतो."

"तलावाच्या काठावर? पाऊस पडला की ते विष कुठे जाईल? त्याच पाण्यात गावाची मासोळी आहे ना?"

तेव्हा खरं काय ते बाहेर आलं. वीटभट्टीवाला तो गाळ उचलून न्यायला तयार आहे, बोलणं मनोहरशीच झालं आहे. पुढच्या ग्रामसभेत ठराव येणार. जागा तशीही बेशरमीने खाल्ली, मग माती गेली तर काय झालं!

सिंधू मंडपाच्या कडेला उभी होती. तुझ्या घरी धानाच्या रोवणीला यायची तीच. हळूच म्हणाली, "कुसुमताईनं आमाले शब्द देल्ला होता, बाई. आता ताई नाई, तं शब्दबी नाई काय?"

मी पदर खोचला आणि पाहुण्यांचं भाषण चालू असताना पहिलं झाड उपटायला घेतलं.

आपल्या मिशनच्या शाळेतल्या सिस्टर आठवल्या. शिक्षा म्हणून मैदानातलं गवत उपटायला लावायच्या आणि प्रत्येक मूळ तपासायच्या. मूळ तुटलं की पुन्हा खाली बसा! तू आणि मी ती शिक्षा इतक्यांदा भोगली की इंग्रजी व्याकरणापेक्षा गवत जास्त पाठ झालं.

सिंधू आली, मागोमाग बाकीच्या बाया. कुदळी आल्या. उपटलेलं त्या तिथेच गाळावर टाकू लागल्या, तशी मी किंचाळले, "खाली नाही! तुकडा टेकला की पुन्हा फुटेल. म्हणूनच कुसुम टिनावर वाळवायची!"

सगळ्या थबकल्या. मनोहरही. मग त्याने स्वतःच एक भारा उचलला आणि सरळ मंडपाशेजारच्या शेडच्या टिनावर फेकला. खाली प्रमुख पाहुणे जेवत होते. दचकले बिचारे!

काल कोपराही साफ झाला नाही. काम पुष्कळ आहे आणि ग्रामसभा तोंडावर आली आहे. पण मनोहर म्हणाला, "सभेपर्यंत साफ झालं, तं भट्टीवाल्याले मीच नाई म्हणतो." त्याचा शब्द मी सगळ्यांसमोर दोनदा म्हणवून घेतला. मास्तरीण होते, सवय आहे.

तर ऐक. दर बाजाराच्या दिवशी मी येणार. मुळासकट काढून घेणार. पाऊस लागला की दाट ताग पेरू, खालच्या तणाला ऊन दिसता कामा नये. मग तो तिथेच खताला गाडू आणि त्यावर सिंधूच्या पोपटाच्या शेंगा लावू. पहिल्या शेंगा पाळीवर उकडू, पाहुणे न बोलावता. प्रत्येक मूळ मी तपासेन, कुसुम. आणि दर वेळी कारण सांगेन.

तुझ्यावर अजून चिडलेली,
नलू