सत्तेचाळीस नंबरचा तुकडा

३ फेब्रुवारी २०२५, सोमवार
नवं प्रोजेक्ट. मयूर विहारजवळच्या नदीकाठच्या जमिनीचा नकाशा: शेती कुठे, वस्ती कुठे, रिकामं काय. तिथे पार्क होणार. सॅटेलाइट फोटोवर एकशे बारा तुकडे पाडले. सरांना म्हटलं, प्रत्येक तुकडा पायी फिरून बघणार. सर हसले. बहुधा कौतुकाने.

९ फेब्रुवारी, रविवार
हवा खराब. पायी फिरणं पुढच्या रविवारी.
सोसायटीच्या गेटवर भाजीवाल्या हेमलतादीदींनी मेथीची एक जुडी वर दिली. नऊ वर्षं त्यांचीच भाजी खातोय. कुठून आणता, विचारलं. म्हणाल्या, यहीं पुल के नीचे, भैया, खेत भी वहीं, घर भी वहीं.
घरी येऊन नकाशा उघडला. तुकडा ४७. मी ‘रिकामा’ लिहिलाय. दुरुस्ती दोन मिनिटांची.

११ फेब्रुवारी
दोन मिनिटांची नाही. बदलासाठी प्रत्यक्ष पाहणी लागते. नियम मीच लिहिलाय. चांगला आहे.
दीदींना मोबाइलवर फोटो दाखवला. कब का है, म्हणाल्या. जूनचा. जेठ में तो सबका खेत खाली होता है, भैया, पानी चढ़ने से पहले सब उठा लेते हैं. मग एका ठिपक्यावर बोट ठेवून म्हणाल्या, ये रहा हमारा छप्पर, ऐसे ग्यारह घर हैं. मला तो उकिरडा वाटला होता.
‘वस्ती’ लिहिलं तर तिथल्या अकरा घरांना नोटीस, सुनावणी, पर्यायी जागा. ‘रिकामा’ लिहिलं तर काहीच नाही. त्यांना सांगितलं, निश्चिंत राहा, नकाशा माझ्याच हातात आहे.

१६ फेब्रुवारी, रविवार
पाहणीसाठी ट्रेकिंग शूज मागवले होते. चावतात. रसिका म्हणाली, पुष्कर, दहा मिनिटांवर आहे, चपला घालून जा. बायकोला फील्डवर्क कळत नाही.

२४ फेब्रुवारी
ऑफिसला जाताना मेट्रोच्या दाराशी उभा राहून पाहणी केली. काहीतरी हिरवं दिसलं. रसिका म्हणाली, मेट्रोतून? परत येताना दुसरी बाजूही बघून घे.

२८ फेब्रुवारी
डेडलाइन. सर म्हणाले, यार, एक तुकडा उघडलास तर एकशे बारा उघडावे लागतील. ‘पाहणी झाली’पुढे टिक केली. मेट्रो जागेवरूनच जाते. उद्यापासून हरकतींची मुदत आहे, त्यात दुरुस्त करू. तेच जास्त शास्त्रशुद्ध.

१२ मार्च
दीदींच्या वतीने हरकतीचा अर्ज लिहितोय. मुद्दे जबरदस्त. इंग्रजी अजून घासायला हवं. त्या रोज विचारतात, भैया, हो गया? मी म्हणतो, बिल्कुल, प्रोसेसमध्ये आहे. हल्ली मागच्या गेटने येतो. मेट्रो तिकडून जवळ पडते. रसिका म्हणते, लांब पडते.

३१ मार्च
मुदत तीस दिवसांची होती. काल संपली. मी महिना एकतीसचा धरला. अर्ज मात्र तयार आहे.

१७ एप्रिल
पुलाखाली जेसीबी. अकरा घरं. सुनावणी नाही, कारण रेकॉर्डप्रमाणे तिथे कोणी राहतच नाही. रसिका रजा टाकून गेली, संध्याकाळी आली. दीदी तिला म्हणाल्या, भैया एक बार आ जाते, चाय ही पी लेते. एवढं सांगून रसिका आत गेली. ती पहिल्यापासून जरा भावनाप्रधान आहे.

२० एप्रिल, रविवार
सरांचा फोन. क्लायंटला पाहणीचा पुरावा हवाय: फोटो, त्यात पाहणी करणारा, मागे जागा. गेलो. दहाच मिनिटं लागली.
तुकडा ४७ आमच्या नकाशाशी तंतोतंत जुळतो. फोटोत मी स्पष्ट आलोय. मागे काहीच नाही.