सोसेल तसं वाढवा

शनिवार, १ जुलै

मस्टरवर एकोणचाळीस सह्या, खोलीत सव्वीस माणसं. उरलेले तेरा बहुधा सूक्ष्म देहाने हजर होते.

विषय: खेळातल्या दुखापती आणि त्यानंतरचं पुनर्वसन. डॉक्टर आणि फिजिओथेरपिस्टसाठी. चार महिने, महिन्यातून एक शनिवार, शेवटी प्रमाणपत्र आणि बारा पॉइंट. परवान्याच्या नूतनीकरणाला पॉइंट लागतात म्हणून ही ज्ञानाची भूक. पॉइंट नसते तर खोलीत मी आणि प्रोजेक्टर दोघंच असतो. पहिला प्रश्न आला – प्रमाणपत्रावर नावाआधी 'डॉक्टर' लागेल ना? दुसरा – जेवण किती वाजता?

हाडांचे एक सर्जन आहेत. मनात मी त्यांना सहीसाहेब म्हणते. आले, सही केली, शेजारच्या रकान्यात मित्राचीही केली आणि मोबाइल कानाला लावून गेले ते थेट जेवणाला उगवले. मुरगळलेल्या घोट्यावर अजून महिनाभर प्लॅस्टर घालणारा माणूस. जग कुठल्या कुठे गेलं, यांचं प्लॅस्टर जागच्या जागी.

पहिल्या बाकावर मात्र एकच. पन्नाशीचे, कडक इस्त्रीचा शर्ट, दोनशे पानी वही. मी बोलले ते शब्दन् शब्द उतरवून घेत होते. माझा खोकलासुद्धा लिहिला असेल.

रविवार, २ जुलै

ताईला कालचं सगळं सांगितलं. म्हणाली, तुला शाळेतही कोणी पटत नव्हतं. ताई माझी थोरली बहीण, निवृत्त शिक्षिका, माझ्याकडेच राहते. म्हणजे घरी आल्यावरही माझे पेपर तपासले जातात.

शनिवार, ५ ऑगस्ट

मांडीचा घेर मोजणे. गुडघ्याचं ऑपरेशन झालं की त्या पायाची मांडी वाळते. किती वाळली आणि किती भरून आली हे टेपने मोजायचं, दुसऱ्या पायाशी ताडून बघायचं. यात कसलं आलंय शास्त्र! तरी नमुना म्हणून एका तरुण डॉक्टरला टेबलावर झोपवलं आणि तिघांना मोजायला लावलं. तीन माणसं, तीन आकडे. पहिल्यात आणि तिसऱ्यात चार सेंटिमीटरचा फरक – एकाच मांडीत! एकाने तर टेप पँटवरूनच गुंडाळली. एक बाई म्हणाल्या, मॅडम, अंदाजे घेतलं तर चालेल ना? चालेल की. औषधही मूठभर द्या, अंदाजे.

मग पहिला बाक उठला. टेप उलटी होती, त्यांनी ती न बघताच बोटांनी सुलटी केली. गुडघ्याच्या वाटीपासून वर जागा धरली, टेप टेकवली, आवळली नाही. आकडा सांगितला. मी पुन्हा मोजायला लावलं. तोच आकडा. डोळे मिटून जागा शोधा म्हटलं. तोच.

किती वर्षांचा हात आहे, विचारलं. म्हणाले, तीस. कुठे असता? म्हणाले, स्वतःचंच आहे, छोटंसं. मी वर्गाकडे वळून म्हटलं की याला हात म्हणतात, बघून ठेवा. सहीसाहेबांनी भुवया वर केल्या. फार बरं वाटलं.

बुधवार, १६ ऑगस्ट

दवाखान्यात अडतीस पेशंट. कंबर, खांदा, गुडघा, गुडघा, गुडघा. प्रत्येकाला वाटतं आपला गुडघा जगावेगळा. व्यायाम करता का विचारलं की माना डोलावतात, आणि मांडीला हात लावला की कळतं, पंधरा दिवस पाय सोफ्यावर होता. यांचा गुडघा मी बरा करायचा, यांनी फक्त तो उचलून माझ्यापर्यंत आणायचा.

शनिवार, २ सप्टेंबर

आज नाटक ठेवलं होतं. एकाने पेशंट व्हायचं, दुसऱ्याने त्याला व्यायाम समजावून सांगायचा. पहिल्या जोडीने सुरुवातच इंग्रजीतल्या सोळा अक्षरी शब्दाने केली. पेशंट झालेला डॉक्टर मान हलवत होता. नंतर विचारलं काय समजलं, तर म्हणे काहीच नाही, पण पेशंट अशीच मान हलवतात ना! अभिनय उत्तम. उपचार शून्य.

शेवटी पहिल्या बाकाने हात वर केला. आजवर एकही प्रश्न विचारला नव्हता.

"ऑपरेशनला नऊ महिने झालेत. सूज नाही, ताकद आलीय. तरी जिना उतरताना शेवटच्या पायरीवर मुलगी थांबते. पाय अडत नाही, ती थांबते. तेव्हा काय करायचं?"

सहीसाहेब म्हणाले, एमआरआय काढा. मी म्हटलं, साहेब, भीतीचा फोटो येत नाही. सगळे हसले. साहेब नाही हसले.

अकरा वर्षं हा कोर्स घेतेय. इतका नेमका प्रश्न कोणी विचारला नव्हता, आणि हे मी सगळ्यांसमोर बोलूनही दाखवलं. मग अर्धा तास भीतीवरच बोलले. बुटक्या ठोकळ्यावरून सुरुवात करा, जवळ उभे राहा, हात मात्र धरू नका, घाई करू नका. ते लिहीत होते. बाकीचे घड्याळ बघत होते.

सोमवार, ४ सप्टेंबर

आयोजकांचा फोन. संघटनेचे सचिव आहेत; मी त्यांना भोंगा म्हणते, कारण आवाजही तो आणि उपयोगही तेवढाच. सहीसाहेबांनी नाक मुरडत चौकशी केली की हे पहिल्या बाकावरचे विद्वान कोण. म्हणून भोंग्याने जन्मात पहिल्यांदा नोंदणीचे फॉर्म उघडून वाचले.

डॉक्टर नाही. फिजिओ नाही. शिंपी आहे! नोंदणी क्रमांकाच्या रकान्यात दुकानाच्या परवान्याचा नंबर.

भोंगा आता थरथर कापतोय. कोर्सची मान्यता जाईल म्हणतो, पोलिसांत फसवणुकीची तक्रार द्यायची म्हणतो. आणि मी लिहून द्यायचं की या माणसाचा मला पहिल्यापासून संशय होता. कुठला संशय? मी त्याची आरती ओवाळत होते, चारचौघांत.

डोकं भणभणलंय. भोंग्याचा राग आहेच, त्या माणसाचा जास्त. तीस वर्षांचा हात म्हणे! अकरा वर्षांत एक विद्यार्थी मिळाला, तोही कापड बेतणारा. ताई हसून हसून खुर्चीत वाकली. मला हसू आलं नाही.

मंगळवार, ५ सप्टेंबर

फॉर्मवर पत्ता होता. दवाखाना उरकून तडक गेले, चांगली खरडपट्टी काढायची म्हणून. वाटेत वाक्यं पाठ केली.

अरुंद दुकान. दोन मशीन. भिंतीशी चढत्या उंचीचे तीन लाकडी ठोकळे, आणि भिंतीवर खडूच्या रेघा, प्रत्येकीपुढे तारीख. मला बघून ते उठले, टेप गळ्यात तशीच. काही नाकारलं नाही, लपवलंही नाही. फॉर्मवर नोंदणी क्रमांक मागितला होता, माझ्याकडे एवढा एकच आहे, तो दिला, म्हणाले. मी म्हटलं, मी तोंडावर विचारलं होतं तुम्हाला. तर म्हणाले, तुम्ही वर्षं विचारलीत, काम विचारलं नाहीत. आणि आलो ते माझ्या मुलीच्या गुडघ्यासाठी.

मग मी चढलेच. स्वतःच्या मुलीच्या गुडघ्याशी खेळ मांडलाय, चार शनिवारांत कोणी फिजिओ होत नसतं, पोरीला एखाद्या तज्ज्ञाकडे न्यायचं सुचलं नाही का – सगळं सुनावलं. त्यांनी शेवटपर्यंत ऐकून घेतलं. मग खणातून प्लॅस्टिकच्या पिशवीत जपून ठेवलेला एक कागद काढला आणि माझ्यासमोर कापडाच्या तुकड्यांवर ठेवला.

माझा कागद. वर माझं नाव, खाली माझी सही, तारीख जानेवारीची. सात व्यायाम, छापील, इंग्रजीत. तळाशी एक ओळ माझ्या हाताने लिहिलेली, त्यातल्या त्यात समजण्यासारखी तेवढीच: सोसेल तसं वाढवा.

"आम्ही तेच केलं," ते म्हणाले. "मॅडम, माझी पोरगी सगळंच सोसते."

तिसऱ्या आठवड्यात गुडघा नारळाएवढा झाला. दहाचे तीन म्हणजे सलग तीस, असं समजले होते. दुखलं तरी पोरगी दात आवळून करत राहिली. आई तिला घेऊन पुन्हा माझ्याकडे आली होती. माझ्या रिसेप्शनच्या बाईंनी दारातच सांगितलं, मॅडम वेगळं काही सांगणार नाहीत, कागदावर आहे सगळं. नंतर आणखी दोन ठिकाणी दाखवलं. दोघांनी कागद बघितला, म्हणाले बरोबर आहे, हेच करा. मग औषधाच्या दुकानात कोर्सचं पत्रक लावलेलं दिसलं, त्यावर माझं नाव. त्यांना वाटलं, ज्यांनी लिहून दिलं त्याच आता समजावून सांगणार आहेत, तर जाऊन बसावं.

मला ती मुलगी आठवेना. अजूनही आठवत नाही. चार मिनिटं दिली असतील तिला.

त्यांनी हाक मारली तशी ती मागच्या खोलीतून आली. सतरा वर्षांची, उंच, लांब उडी मारणारी. तिथेच तपासली. दोन मांड्यांत सेंटिमीटरभराचा फरक. त्यांच्या वहीत जुलैच्या पानावर चारचा आहे. एका पायावरची उडी दोन्हीकडे जवळपास सारखी. माझ्या हातून याहून चांगलं झालं नसतं. झालंच नव्हतं. फक्त ठोकळ्यावरून उतरताना ती थांबली, बापाकडे बघितलं, ते दोन पावलं पुढे सरकले, मग उतरली.

ती आत गेल्यावर म्हणाले, आजवर ती मैदानात आणि मी मशीनवर. तिची एक स्पर्धा बघितली नाही कधी. दुकान बंद ठेवायची सवयच नाही. आता रोज संध्याकाळी तासभर शटर खाली ओढतो.

पाठ केलेली उरलेली वाक्यं तशीच घरी परत आणली.

शुक्रवार, ८ सप्टेंबर

भोंग्याने निवेदनाचा मसुदा पाठवलाय. 'सदर इसमाने...' वगैरे. खाली माझ्या सहीला जागा. पेनचं टोपण काढलं, परत लावलं. ताईने चष्मा लावून वाचलं. म्हणाली, शुद्धलेखनाच्या अकरा चुका आहेत, सही करू नकोस.

शनिवार, ७ ऑक्टोबर

शेवटचा वर्ग. पडद्यावर तो कागद लावला, वरचं नाव आणि खालची सही झाकून. म्हटलं, तुम्ही पेशंट आहात, घरी आहात, गुडघ्यात टाके आहेत. करा सुरू.

आणि हीच ती घड्याळ बघणारी माणसं! दहाचे तीन म्हणजे सलग की थांबून थांबून? दुखलं तर थांबायचं का? कुठवर दुखणं ठीक? 'सोसेल तसं' म्हणजे कोणाला सोसेल? दहा मिनिटांत कागदाच्या चिंध्या. सगळ्यांत रंगात आले सहीसाहेब. उभे राहून बोलले.

"असं लिहिणाऱ्याचा परवाना काढून घ्यायला हवा. कोण आहे हा गाढव?"

"मी," म्हटलं. आणि झाकलेलं उघडलं.

मग सगळं सांगितलं – चार मिनिटं, दारातून परत पाठवलेली आई, नारळाएवढा गुडघा, जुलैचं पान. शिंपी आणि त्यांची मुलगी शेवटच्या रांगेत बसले होते. पेशंट आणि पेशंटचे वडील म्हणून मीच बोलावलं होतं, त्याला कुठलाच नियम आडवा येत नाही. सहीसाहेब मटकन खाली बसले. जेवणाच्या सुट्टीत बघते तर शिंप्यांच्या वहीवर वाकून काहीतरी उतरवून घेत होते. माझ्याशी बोलले नाहीत. मीही कशाला बोलतेय.

भोंग्याला कोपऱ्यात घेऊन सांगितलं की निवेदनावर सही मिळणार नाही, आणि पोलिसांत जायचंच असेल तर फॉर्म न वाचता मंजूर कोणी केला हेही तिथे विचारतील. प्रथमच तो हळू आवाजात बोलला. तक्रार होणार नाही. पुढच्या वर्षी कोर्स दुसऱ्या कोणाकडे जाईल, हेही त्याच आवाजात सांगितलं. चला, सुटले! असं लिहिलं खरं, पण तसं वाटत नाहीये. अकरा वर्षं नावं ठेवली त्या खोलीला.

बुधवार, ११ ऑक्टोबर

नवा कागद लिहायला घेतला. साध्या भाषेत. ताईला वाचायला दिला, तिने पहिला व्यायाम फरशीवर करून दाखवला – साफ चुकीचा. पुन्हा लिहिला. पुन्हा चुकीचा! दोष ताईचा नाही, हे मान्य करायला सव्वा तास लागला.

शनिवार, १४ ऑक्टोबर

शिंप्यांची मुलगी एकटीच दवाखान्यात आली. दार लावून घेतलं, उंच स्टुलावर चढली आणि धाडकन खाली उतरली. न थांबता. पुन्हा चढली, पुन्हा उतरली.

"ऑगस्टपासूनच जमतंय," म्हणाली. "मी बरी झाले की बाबा संध्याकाळी शटर उघडं ठेवतील."

फाइलवर लिहिलं: मैदान सोमवारपासून सुरू. घरचा व्यायाम आणखी सहा महिने, रोज संध्याकाळी एक तास, वडिलांच्या देखरेखीखाली.