लस समिती, अध्यक्ष मी

५ मे १९९७, सकाळ
आम्रपाली सिस्टर आल्या होत्या. बावीस तारखेला सांगलीचे डॉक्टर येऊन वयात आलेल्या पोरींना फुकट लस देणार. लस न घेतलेल्या बाईला गरोदरपणी गोवरासारखं बारीक पुरळ उठलं, तर मूल आंधळं नाहीतर बहिरं होऊ शकतं म्हणे. गाव तुमचं ऐकतं, म्हणाल्या. खरं आहे. समिती केली. अध्यक्ष मी. मेंबर नंतर बघू.
प्लॅन सोपा. आमच्या गावात मेंढरांना लस टोचायला कुणाला समजवावं लागत नाही. पोरी तर शहाण्या. पहिली सुई आमच्या धाकट्या लेकीला, शालनला. सतरा वर्षांची आहे. मग गावच्या अठ्ठेचाळीस. एका सकाळचं काम.

९ मे
टँकरच्या रांगेत जनमताचा सर्व्हे. तात्याबा म्हणाला, पोरींची कूस बंद करायचा सरकारी डाव आहे, नाहीतर फुकट कोण देतं. बायकांनी विचारलं, पोरींनाच का, पोरांना का नाही. मी मान हलवली.
निष्कर्ष: गाव अनुकूल.

१४ मे
थोरली लेक माहेरी आली. नातू अर्जुना तीन वर्षांचा झाला. पाठीमागून दहा हाका मारल्या, वळला नाही. लय हट्टी. माझ्यावर गेलाय.
भाषण लिहायचं राहिलं.

१८ मे
शालनला बघायला जतचे पाहुणे येणार. बायको, तानुबाई, म्हणाली, "पावन्यांनी इचारलं, पोरीला कसली सुई टोचली, तर काय सांगू?"
मी घाबरलो नाही. फक्त विचार केला. पुढाऱ्याने घरच्यांना रांगेत पुढे घुसवू नये. शालन शेवटी. पहिली तात्याबाची पोरगी. तात्याबाला अजून सांगितलेलं नाही.

२२ मे, दुपार
शालनला पहाटेच मावशीकडे पाठवलं. डॉक्टर बारापर्यंत देवळापुढे बसले. तीन पोरी आल्या. बाकीच्या पोरींच्या आया, अध्यक्षांची पोरगी कुठाय, एवढंच विचारून माघारी गेल्या. मी रानात मेंढरांमागे होतो, नाहीतर उत्तर दिलं असतं.

२४ मे
सिस्टर घरी आल्या. रागावल्या नाहीत. डॉक्टर परत कधी येतील, माहीत नाही म्हणाल्या. चहा घेता घेता त्यांनी अर्जुनाच्या मागे ताट वाजवलं. पुन्हा वाजवलं.
"दादा, हा हट्टी नाही. याला ऐकू येत नाही."
मग थोरलीला विचारलं, पोटुशी असताना पुरळ आलं होतं का. तिसऱ्या महिन्यात आलं होतं. उन्हाचं असेल म्हणून कडुनिंबाचा पाला लावला होता. पाला मीच पाठवला होता.
मावशीकडून परतलेली शालन दारात उभी होती. "आबा, माझी सुई कवा?"
वाईट वाटायला हवं होतं. काहीच वाटेना.

१० जून
मेंढरांना पावसाळ्याआधीची लस टोचली. शालन एकेक धरून देत होती. अर्जुना पाठमोरा खेळत होता. हाक मारली नाही.
नव्वद मेंढरं. एकही राहिलं नाही.