मेहरूणचा अर्धा फोटो

प्रिय भाऊ,

आज दुपारी मशीनने पुन्हा तुम्हाला हाक मारली. फोटो उघडणाऱ्या त्या कोड-लायब्ररीचं अपडेट आलं होतं, आणि ती सांभाळणाऱ्यांची नावं घेऊन ‘कृपया तपासावे’ असा निरोप मशीन आपोआप धाडतं. वर तुमचं नाव, खाली माझं. तुम्ही गेलात हे त्याला कोण सांगणार? ते काम माझंच होतं, आणि पावसाळा सरला तरी माझ्याने झालं नाही. म्हणून आधी तुम्हालाच लिहितो.

तुम्ही गेलात तेव्हा आईने विचारलं होतं, “कोण रे हा धुळ्याचा भाऊ? नात्यातला?” मी सांगितलं, जगभरातले लोक मिळून प्रोग्रामांचा एक मोठा संग्रह सांभाळतात, कुणीही फुकट घ्यावा. बदलही कुणीही सुचवावा, पण दुसऱ्याने तपासून हो म्हटल्याशिवाय तो आत जात नाही. भाऊ तपासायचे.

“पगार?”

“नाही.”

“म्हणजे तुझ्यासारखाच,” आई म्हणाली. कॉलेज सोडल्यापासून ती माझ्याबद्दल इतकं चांगलं कधी बोलली नव्हती. पण ते तिला कळलं नाही.

आठवतं, माझा पहिला बदल तुम्ही कसा अडवलात? ‘कोडमधून प्रोग्राम बिल्ड झाला, छान. या लायब्ररीवर टेकलेले बाकीचे प्रोग्राम उघडून पाहिलेत का?’ मी तिसऱ्या वर्षाला सरांशी भांडून कॉलेजमधून निघून आलेलो. त्यात हा कोण टिकोजीराव मला विचारणारा? तुमच्या नावापुढे धुळ्यातल्या देवपूरचा पत्ता दिसला आणि मी सरळ एसटीत बसलो. पारोळ्यापर्यंत तुम्हाला काय काय सुनवायचं ते मनात घोकत होतो.

देवपूरला तुम्हीच दार उघडलंत. “जळगाव? भांडायला आला का? मग आधी जेव. उपाशीपोटी आवाज चढत नाही.” वहिनींनी शेवभाजी वाढली, ती इतकी तिखट की घोकलेलं निम्मं तिथेच विसरलो. उरलेलं तुम्ही निमूट ऐकून घेतलंत आणि एवढंच विचारलंत, “बठ्ठं दखं का रे भो?”

सगळं? नव्हतं पाहिलं. तुम्ही एकेक प्रोग्राम उघडत गेलात. दुसराच कोसळला. तुम्ही हसलाही नाहीत. कुणाची चूक सापडली की तुम्हाला आनंद व्हायचा तो चूक सापडल्याचा, माणूस सापडल्याचा नाही. हे मी अजून शिकतोय.

आणि तो तुमचा खराब फोटोंचा फोल्डर! लोक चांगले फोटो जपतात, तुम्ही बिघडलेले जपत होतात. मी घराजवळच्या मेहरूणच्या तळ्याचा फोटो पाठवला, तो नेटवर्कमुळे अर्धाच पोचला. पुन्हा पाठवू का म्हटलं तर तुम्ही म्हणालात, “नको, असाच पाहिजे. चांगला फोटो कोणतीही लायब्ररी उघडते.”

एक विचारायचंय. ‘दोन आठवडे जमणार नाही, दुसऱ्या कुणी पाहावं’ ही तुमची शेवटची ओळ तुम्ही दवाखान्यातून लिहिलीत ना? वहिनींनी नंतर सांगितलं. एवढ्या जगाला सुट्टी कळवलीत, आणि जळगावच्या माणसाला कारण नाही? मी आलो असतो, भाऊ. या वेळी भांडायला नाही.

असो. आजचं अपडेट कुणी पाठवलं होतं सांगू? प्राजक्ताने.

तुम्हाला ती माहीतच आहे. माझ्या वर्गातली, चाळीसगावची. ती कॉलेजात राहिली, मी बाहेर पडलो, तरी या संग्रहाचा नाद तिला मीच लावला. तिच्या एका बदलाला मी लगेच हो म्हणून टाकलं, तेव्हा तुम्ही काय लिहिलंत? ‘वाचलंस, का नाव पाहूनच पास केलंस?’ सगळ्यांसमोर! माझे कान तापले होते. पुढे ती माझ्या चिडण्याला कंटाळली आणि बोलणंच थांबलं.

आणि आज तिचा मेसेज. “बघ ना पटकन. सगळं हिरवं आहे.” इतक्या महिन्यांनी! खरंच सगळ्या चाचण्यांपुढे हिरव्या खुणा होत्या. एक बटण दाबलं की ती खूश. बोट बटणावर होतं, भाऊ.

पण ही नवी व्हर्जन तर खराब फोटोने प्रोग्राम कोसळू नये म्हणूनच निघाली होती. म्हणून तुम्ही मला दिलेला तो फोल्डर काढला आणि मेहरूणचं तळं उघडलं. प्रोग्राम धाडकन कोसळला.

मग दिसलं. आपल्यासारख्यांकडून नेहमी होते तीच चूक. व्हर्जनचा आकडा नवा, पण त्याखालचा चेकसम, म्हणजे सोर्स कोडच्या बोटाचा ठसा, जुनाच. मशीन सोर्स ओळखतं ते चेकसमवरून, आकड्यावरून नाही. त्याने साठवणीतला जुना सोर्स मुकाट्याने उचलला, त्यावर नवं नाव चिकटवलं. आत काही बदललंच नव्हतं, मग चाचण्या नापास कशा होतील?

काय लिहावं? पूर्वीचा मी असतो तर दोन शब्दांत तिचा पाणउतारा केला असता. नाहीतर तिच्यासाठी गप्प बसलो असतो. दोन्ही पुसलं आणि लिहिलं, ‘बाकी काम नेटकं आहे. चेकसम बदलायचा राहिलाय का? बठ्ठं दखं का?’

पाठवून दिलं. वाटलं, संपलं. मग तिचं उत्तर आलं, “राहिलाच होता. दुरुस्त केलं. आणि तू न चिडता लिहिलंस? भाऊ आले की काय असं वाटलं.”

पुन्हा बिल्ड केलं, टेकलेले सगळे प्रोग्राम उघडले, शेवटी तुमच्या फोल्डरमधला तो मेहरूणचा फोटो. वर तळ्याचं पाणी, खाली नुसता करडा रंग. अर्धाच, पण उघडला. मग हो म्हटलं.

भाऊ, तुमचं नाव काढायचा बदलही आत्ताच पाठवला. तपासायला प्राजक्ताला सांगितलंय, आपला बदल आपणच पास करायचा नाही, ही तुमचीच शिस्त. मशीन आता तुम्हाला हाक मारणार नाही. ती हाक मी घेईन, आणि नाव कुणाचंही असो, सगळं पाहिल्याशिवाय हो म्हणणार नाही.

आणि कधी कुणी तापलेलं पोरगं एसटीने मेहरूणला माझ्या दारात आलंच, तर आधी त्याला जेवायला वाढीन.

तुमचा,
जळगावचा भांडखोर,
निलेश