आत्या, मला ओळखू नकोस

तीर्थरूप लुपे आत्यास,

ऑकलंडच्या ओतारातून तुझ्या भाच्याचा, सेमिसीचा, जमिनीवर बसून नमस्कार. (खुर्ची आहे, पण बापाच्या बहिणीला वर बसून पत्र लिहिण्याइतका मी अजून ऑकलंडकर झालेलो नाही.) तुझा गुडघा, तुझी डुकरं आणि नव्या पाद्र्यावरचा तुझा राग, तिन्ही ठीक असतील अशी आशा करतो. माझी तब्येत ठणठणीत आहे, फक्त रविवार सरत नाही. चर्च सुटलं की जो तो आपलं कुटुंब मोटारीत कोंबून निघून जातो आणि मी गॅरेजातल्या माझ्या खोलीवर येऊन अळकुड्या उकडतो. एकट्यासाठी किती उकडायच्या याचा अंदाज मला अजून येत नाही. पातेलंभर होतात आणि बुधवारपर्यंत त्याच खातो.

तर व्हिसाची मुदत संपूनही इथे राहिलेल्यांचे अर्ज घेतात असं ऐकून मीही केला. कागद मिळाला की बेटावर घरी येऊन परत कामावर येता येईल. नाही मिळाला तर कायमचं पाठवून देतील, आणि मग घरातल्या एवढ्या तोंडांनी खायचं काय? आई गेली तेव्हा मातीलाही येता आलं नाही.

माझी वकील ओफा. जन्मली इथेच, आपली भाषा बोलते ती रेडिओवर बातम्या दिल्यासारखी. तिने आधीच बजावलं होतं, "सेमिसीदादा, तिकडे तुमचं कुणी उरलं नाही असं दिसायला हवं. कमी बोला." मी मोठ्यांसमोर जाताना आपल्याकडे गुंडाळतात तशी कमरेला चांगली चटई गुंडाळून कचेरीत गेलो. तिथल्या बाईंनी विचारलं, "माझं बोलणं समजतंय ना?" मी भुवया उंचावल्या. त्यांनी पुन्हा विचारलं. मी पुन्हा उंचावल्या, यावेळी जरा जास्त आदराने. ओफा कुजबुजली, "दादा, तोंडाने हो म्हणा. इथे भुवयांना कुणी होकार समजत नाही."

मग आईवडिलांची चौकशी. वडील वारले, आई वारली, असं सांगितलं. इथवर ओफा खूश होती. "म्हणजे आता आई नाही?" बाई म्हणाल्या. मी म्हटलं, "आहेत की, दोन." (आईच्या बहिणींना दुसरं काय म्हणायचं, तूच सांग.) बाईंनी पेन खाली ठेवलं. "यातली खरी कोणती?" आत्या, मला राग आला. खोटी आई कुणाला असते का? रागाच्या भरात मी सगळ्यांची नावं घेतली. दोन्ही आया, काकांची मुलं म्हणजे माझे भाऊ, त्यांच्या बायका, फिजीला गेलेलेसुद्धा. आणि बोलता बोलता मला फार बरं वाटायला लागलं. कित्येक महिन्यांत एवढी माणसं माझ्या तोंडी आली नव्हती. शेवटी तुझं नाव घेतलं आणि सांगितलं, आमच्याकडे आत्याचा शब्द म्हणजे शेवटचा. ओफाने कपाळाला हात लावला.

बाई तशा सज्जन. म्हणाल्या, "तिकडे एवढा गोतावळा आहे, मग इथे तुमचं कोण आहे?" मी बराच विचार केला आणि ओफाकडे बोट दाखवलं. ती हळूच म्हणाली, "मी वकील आहे, दादा."

सगळ्यांना माझी आठवण सांग.

तुझा,
सेमिसी

ता. क. मुद्दा राहिलाच. खातरजमा करायला कचेरीतून तुला फोन येणार आहे. तेव्हा सांग, "कोण सेमिसी? आमचा त्याचा काही संबंध नाही." रागावून सांग, तुला जमतं. (ही कल्पना माझी. ओफाला कळू देऊ नकोस. फोनवर तुझ्याकडे हे मागायला जीभ रेटली नसती, म्हणून पत्र.)

दुसरा ता. क. आत्याने नाही म्हटलेला माणूस आपल्याकडे कुणाचाच राहत नाही, हे मला ठाऊक आहे. म्हणून त्यांचा फोन ठेवलास की लगेच मला कर, आणि मला भाचा म्हण. एकदाच म्हटलंस तरी चालेल.

तिसरा ता. क. "कोण सेमिसी?" हे नाहीच तोंडातून निघालं, तर ओढूनताणून बोलू नकोस. माझं अंथरूण तेवढं उन्हात टाकून ठेव.