अजिंठ्याला काढलेला आधीचा फोटो

अक्का, फोटोच काढायचा होता तर तुमच्या बंगल्याच्या स्वयंपाकघरात काढायचा, मी कुठे नाही म्हणत होते? मी तुमचा स्वयंपाक करायची तेव्हा माझी पोरगी रोज तिथेच ओट्याखाली बसून शेंगा सोलायची, मनात येईल तेव्हा काढता आला असता. तर तेव्हा नाही. ती जन्मात पहिल्यांदा स्वतःच्या पायाने पायऱ्या चढून आली, त्याच दिवशी, अजिंठ्याला, एवढ्या परक्या लोकांपुढे तुम्हाला तो सुचला. पंधरा वर्षं मी हे पोटात ठेवलं. तुम्ही तुमच्या देशाला परत गेलात, तिकडेच वारलात, वर्षाच्या आत आबाही तुमच्यामागे गेले, तरी ठेवलं. आता ठेवता येत नाही, कारण तो फोटो माझ्या घरी आलाय.

तुमची सेवा मी कधी कमी लेखली नाही. साठीच्या पुढची तुम्ही दोघं नवरा-बायको, नातवंडं सोडून, मिशनच्या बोलावण्यावर दोन वर्षांसाठी धुळ्याला आलात. पोलिओच्या पोरांसाठी आबा शेडमध्ये बसून पायाला बांधायचं कॅलिपर बनवायचे, लोखंडी सळ्या, चामड्याचे पट्टे, खाली बूट. त्यांना साहेब म्हटलेलं खपायचं नाही म्हणून सगळे आबा म्हणायचे. तुम्ही पोरांची कार्डं ठेवायच्या. एका कार्डावर दोन फोटो, आधीचा आणि नंतरचा. आधीच्यात पोर जमिनीवर, नंतरच्यात उभं. एक कार्ड तुमच्या देशात जायचं, ते बघून तिकडचे लोक पुढचं सामान पाठवायचे, आणि दुसरं कपाटात राहायचं. शनिवारी मात्र तुम्हाला हिंडायला लागायचं. पारोळ्याचा किल्ला झाला, गरम पाण्याचे झरे झाले. बैल दिसला की गाडी थांबव, फोटो काढ. मी भाकरी थापतानाचेच तुम्ही किती काढले असतील. हॉटेलचं खाऊन आबा एकदा आजारी पडले, तेव्हापासून मला डबा घेऊन सोबत यावं लागायचं. मराठी तुम्ही मास्तर लावून शिकलात आणि सगळ्यांना तुम्ही-तुम्ही करायच्या. बंगल्यातल्या कुत्र्यालासुद्धा, "तुम्ही बाहेर बसा." मी तोंडाला पदर लावून हसायची.

माझी पोरगीही पोलिओचीच, पण ती रांगेतून आली नाही, मागच्या दाराने आली. चूक तिथेच झाली. बाकीची पोरं सोमवारी व्हरांड्यात बसायची, तुम्ही त्यांचा फोटो काढायच्या, मग आबा माप घ्यायचे. माझी तर घरातलीच. एक दिवस चहा पिता पिता आबांनी तिला स्वयंपाकघरातच आडवं केलं आणि फरशीवर तिच्या पायाभोवती खडूने रेघ मारली. फोटोचं कोणालाच आठवलं नाही. ती रेघ मी आठ दिवस पुसली नाही, बाजूबाजूने पोतेरं मारत राहिले. कॅलिपर आलं तेव्हा तुम्ही तिला पिवळा फ्रॉक शिवून दिला. फ्रॉक चांगला होता, ते मी आजही म्हणेन.

आणि मग तो शनिवार. पहूरला चहा घेतलाय, लेण्यांच्या खाली गाडी लागलीय. डोलीवाले मागे लागलेत, ताई, पोरीला डोलीत टाका, पाय बघा तिचा. ती ऐकत नाही. सात वर्षांची पोर, एका हाताने कठडा धरून पायऱ्या मोजतेय. तिला वीसपर्यंतच येतं, म्हणून वीस झाले की पुन्हा एकपासून. आबा मागून येतायत, दोन्ही हात पसरून, पण हात लावत नाहीत. वर पोचलो तर शाळेची सहल आलेली, त्या मास्तरांनी टाळ्या वाजवल्या, मग सगळ्या पोरांनी. माझी पोरगी लाजून फ्रॉक चावायला लागली.

तेवढ्यात तुम्ही पिशवीतून कॅमेरा काढलात आणि तुम्हाला आठवलं. हिचा आधीचा फोटो राहिला. तुम्ही मला म्हणालात, "कॅलिपर जरा काढता का? पाच मिनिटं." पोरीने दोन्ही हातांनी मांडीवरचा पट्टा धरला. "हाऊ मना शे, माय," हा माझा आहे, एवढंच म्हणाली. आबा तुमच्या भाषेत तुम्हाला काहीतरी बोलले आणि कठड्याकडे जाऊन खाली नदी बघत उभे राहिले, वळले नाहीत. तुम्ही माझ्या जवळ आलात. हळूच म्हणालात, पाय वाढतो, दर वर्षी नवीन लागेल, कार्ड अर्धं असलं तर पुढचं मागायला अडचण होते. रागावून नाही बोललात. रागावला असतात तर बरं झालं असतं.

चार बकलं होती. मग ती मातीत बसली, तुम्ही म्हणालात "इकडे बघा", आणि ती बघेना. टाळ्या वाजवणारी पोरं सगळी बघत उभी. शेवटी बघितलं तिने. उतरताना ती डोलीत बसली आणि सोमवारपर्यंत कॅलिपरला हात लावला नाही. पुढच्या वर्षी दुसरं मिळालं. तुम्ही गेल्यावर तिकडून सामान येत राहिलं, त्यातून पुढचीही मिळाली. ती शाळा शिकली, आज जळगावला एसटीडी बूथवर बसते, स्वतःचं पोट भरते. मी हे सगळं जमेला धरते, अक्का. पण तिचं ते बघणं मी विसरले नाही आणि तीही नाही.

लहानपणी ती विचारायची, माझा पट्टा कोणी काढला? मी सांगायची, अक्कांनी. मी तर तेव्हा डबा सोडत होते. इतक्यांदा सांगितलं की मलाच खरं वाटायला लागलं. आता मिशनने बंगल्यातलं ते कार्डांचं कपाट रिकामं केलं, तर तुमच्या जुन्या ड्रायव्हरने तिचं कार्ड नेऊन तिच्या बूथवर दिलं. गेल्या रविवारी ती आली, कार्ड ओट्यावर ठेवलं. पाण्याचा तांब्या दिला तो तिने बाजूला सारला. फोटोच्या कडेला एक हात आलाय, कॅलिपर धरलेला, मनगटापर्यंतच. तिने त्यावर बोट ठेवलं. "अक्का हिरव्या बांगड्या कधीपासून घालायला लागल्या, माय?" मी म्हटलं, भाकरी खाऊन घे आधी. खाल्ली नाही. पुढच्या रविवारी येते, तोवर आठवून ठेव, म्हणाली आणि स्टँडवर निघून गेली.

हे मी बाजाराच्या वहीत मागच्या पानांवर लिहितेय. तिसरीपर्यंत शिकलेलं माझं अक्षर, पाकीट आणलं नाही, आणणारही नाही, तुमचा कुठला पत्ता आता? हात माझा आहे हे मी तिला सांगणार, ते काही अवघड नाही, तिला ते कळलंच आहे. अवघड दुसरंच आहे. तुम्ही हुकूम केला नव्हता. तुम्ही विचारलं होतं, काढता का. आणि कार्डाचं, पुढच्या वर्षीचं तुम्ही बोललात ते नंतर. तोवर मी खाली वाकले होते, पहिलं बकल सुटलं होतं.

म्हणून मला एकच सांगा. मी तेव्हा नाही म्हटलं असतं, तर तुम्ही तिला दुसरं कॅलिपर दिलं असतं का? तिच्यापुढे मी काय तोंड घेऊन बसायचं ते त्यावर आहे. हो म्हणा नाहीतर नाही म्हणा, गोड बोलू नका. ती रविवारी अकराच्या गाडीने येते. त्याच्या आत मला उत्तर पाहिजे.