ढोकीच्या मुलांचे गुण

प्रिय सुमती,

आज सूनबाईनं तुझ्या कॉम्प्युटरवर तुझंच मॉडेल चालवलं, आणि ती तांबडी सूचना आली नाही! सांगायला वळलो तर खुर्चीत तू नव्हतीस. मग कुणाला सांगू?

आपली कवितापाठांतराची स्पर्धा आठवते ना? कळंबला मी परीक्षक, जळकोटला तिथल्या बाई, ढोकीला तिथले गुरुजी. ज्यानं त्यानं आपापल्या गावात बसायचं, हा रिवाजच. अंतिम फेरीत ढोकीचं पोर क्वचितच दिसे. "उसाच्या फडात कविता कुठं उगवती!" म्हणत आम्ही हसायचो.

तू हसत नव्हतीस. कॉलेजात संख्याशास्त्र शिकवणारी तू! म्हणायचीस, "अहो, गुण एकट्या मुलाचे नसतात. काही मुलाचे, काही कवितेचे, काही गावाचे, काही परीक्षकाचे." रँडम इफेक्ट म्हणायचीस तू त्यांना. सगळे एकाच मॉडेलात घालून प्रत्येकाचा वाटा निराळा काढायला बसलीस, आणि कॉम्प्युटर तांबडी सूचना दाखवून अडून बसला. परीक्षकाचा वाटा चक्क शून्य!

मी किती खूश झालो होतो! "बघ, आम्ही परीक्षक किती नि:पक्षपाती!"

"शून्य आलं म्हणजे नाही असं नव्हे. ढोकीचे गुरुजी ढोकीबाहेर कुणाला ऐकतच नाहीत. मग पोरं कच्ची की गुरुजी कडक, हे त्या बिचाऱ्या यंत्रानं कसं ओळखावं? परीक्षकांची अदलाबदल करा ना एकदा!"

पण थोडं थांबायचंस की गं! तू गेल्यावरच ते जमायचं होतं का?

यंदा प्रत्येक गावची मुलं मोबाइलवर रेकॉर्ड केली, आणि तिन्ही परीक्षकांनी सगळीच ऐकली. ढोकीचे गुरुजी कुरकुरले, "मास्तर, आमच्यावर इस्वास न्हाय व्हय?" तरी कानाला लावून बसले.

आणि वाटे सुटे झाले, सुमती. गुरुजी लई कडक निघाले, मी भलताच सैल. ठेक्याच्या कवितेला आम्ही सगळेच भुलतो, हळव्या कवितेला हात आखडतो. एवढं बाजूला काढल्यावर ढोकीची मुलं कुणाहून उणी नव्हती.

दुपारी ढोकीला जाऊन आलो. कारखान्याच्या रांगेत आपला नामदेव भेटला, उसाचा ट्रॅक्टर घेऊन उभा. लहानपणी ढोकीतून आपल्या स्पर्धेत उतरून पहिल्याच फेरीत गळलेला. म्हटलं, "कविता म्हणतोस का रे अजून?"

"छे मास्तर! आमाला कुठं येती कविता? तवाच कळलं की."

आणि मग, हसत हसत, तीच शाळेतली कविता त्यानं पहिल्यापासून शेवटपर्यंत म्हटली. एक शब्द चुकला नाही.

यंदाचं गणित त्या वर्षीच्या मुलांना लावता येत नाही, हे तूच शिकवलंस. नामदेव तेव्हा चांगला म्हणाला होता की नाही, हे आता कुठलंच मॉडेल सांगणार नाही. ती पोरं पुन्हा ऐकायची कुठं गं?

त्याची लेक पाचवीत आहे. तिच्यासमोर तो कधी म्हणत नाही, लाजतो. म्हणून तुला शब्द देतो: येत्या रविवारी ढोकीला जाईन, लेकीला शेजारी बसवीन, आणि नामदेवला म्हणायला लावीन. मी नुसता ऐकीन. गुण देणार नाही.

तुझाच,
सैल हाताचा मास्तर